रामभाऊंची भाड्याची गाडी

निघालेल्या माणसाला ‘कुठं चाललात?’ म्हणून हटकू नये, त्याचं काम होत नाही, असं आमच्या भोरमध्ये मानतात. पण चौकशी केल्याशिवाय भोरकराला घास गोड लागत नाही. म्हणून त्यावर आम्ही तोडगा काढलेला आहे. आम्ही ‘लांब निघालात?’ असं विचारतो. ‘कुठं’ हा शब्द येत नाही, अपशकुन होत नाही आणि समोरचा माणूस आपण होऊन सगळं सांगून टाकतो. नोकरीत मला या एका प्रश्नाचा जेवढा उपयोग झाला तेवढा माझ्या बी. कॉम.चा झाला नाही.

नोकरी पुण्याच्या विमानतळावर, गाड्या भाड्याने देणाऱ्या एका कंपनीच्या काउंटरवर. भाड्याची गाडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे ड्रायव्हर येतो. आमच्याकडे ड्रायव्हर नाही. विमानातून उतरायचं, लायसन दाखवायचं, किल्ली घ्यायची आणि गाडी आपली आपण हाकायची. सुरुवातीला हे लोकांच्या पचनी पडत नसे. एक वयस्कर गृहस्थ किल्ली घेऊन गेले ते मागच्या सीटवर पेपर उघडून बसले. बऱ्याच वेळाने काच खाली करून मला म्हणाले, “तुमचा माणूस चहाला गेलाय का?” लायसन त्यांचं, सही त्यांची, पण भाड्याच्या गाडीत पुढे बसायचं असतं हे त्यांच्या गावीच नव्हतं.

गाडी देताना आम्ही गिऱ्हाइकाला घेऊन गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालतो. प्रत्येक ओरखड्याचा, पोचाचा फोटो काढायचा, पेट्रोलचा काटा दाखवायचा. गाडी परत आली की पुन्हा तीच प्रदक्षिणा. मला देण्यापेक्षा परत घेण्यात जास्त रस. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक दिसलं की समजायचं, गाडी गावाला गेली होती आणि आईने ती लेकाचीच समजून ओवाळली होती. काचांवर खालच्या अंगाला इवल्या बोटांचे ठसे असले तर वाडीतली सगळी पोरं आत डोकावून गेलेली. एका साहेबांनी ‘फक्त मीटिंगला गेलो होतो’ असं छाती ठोकून सांगितलं आणि त्याच वेळी डिकीतून कोंबडा आरवला. नवसाचा होता बिचारा, गडबडीत परत आला. साहेब लाजून निघून गेले, कोंबडा आमच्या वॉचमनकडे राहिला आणि म्हातारा होऊन मेला.

“तुला काय करायच्यात नसत्या उठाठेवी?” असं आमचे मॅनेजर कायम म्हणायचे. त्यांचंही खरं होतं. आता तर सगळं मोबाईलवर आलंय. गाडीचं दार मोबाईलने उघडतं, काउंटरला माणूस नसला तरी चालतं. गाडीत ट्रॅकर असतो, त्यामुळे गाडी कुठे आहे ते बसल्या जागी दिसतं. पण ती तिथे कशासाठी गेली आहे, ते ट्रॅकरला कळत नाही. या एका मुद्द्यावर मी मॅनेजरांशी अनेकदा भांडले. शेवटी माझी बाजू रामभाऊंनी राखली, आणि तीही वारल्यानंतर.

रामभाऊंना मी कधी पाहिलं नव्हतं. ओळख त्यांच्या मुलाची, मोहनची. हा वेल्ह्याकडचा, बंगळुरूला नोकरीला. वर्षातून दोनतीनदा विमानाने यायचा, आमच्याकडून गाडी घ्यायचा आणि गावाकडे जायचा. मी भोरची म्हटल्यावर गप्पा लांबायच्या. तो सांगायचा, “ताई, आमच्या वडलांना एकदा इथं आणायचंय. रानात उभे राहून वरून जाणारं विमान बघत असतात. म्हणतात, उडताना रोज दिसतंय, पर बसल्यालं कसं दिसतं ते बघायचं हाय.”

“मग आणा की. आमच्या गाड्या उभ्या असतात ना, तिथून कुंपणापलीकडची विमानं अगदी जवळ दिसतात.”

“पुढच्या खेपेला आणतो,” मोहन म्हणायचा. पण पुढच्या खेपेला लावणी निघायची, त्याच्या पुढच्या खेपेला काढणी, नाहीतर म्हैस व्यायला झालेली असायची. म्हाताऱ्याचं विमान असं राहतच गेलं.

एक दिवस मोहन काउंटरला आला, मी सवयीने म्हटलं, “लांब निघालात?” तो म्हणाला, “घरी. वडील गेले.” मी किल्ली पुढे केली. त्या दिवशी प्रदक्षिणा घातली नाही.

पुढचं समजायला आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. तिसऱ्या दिवशी चिता सावडतात, म्हणजे अस्थी गोळा करतात. त्या मातीच्या गाडग्यात भरून तोंडाला पांढरं फडकं बांधतात. हे गाडगं घरात आणायचं नाही. दहाव्याला नदीवर विधी होईपर्यंत ते बाहेर, झाडाला टांगून ठेवायचं. मोहनच्या गावात हल्ली वानरांचा उच्छाद झालेला. टांगलेली वस्तू ती खाली पाडल्याशिवाय राहत नाहीत. तेव्हा रामभाऊंच्या धाकट्या भावाने, म्हणजे तात्यांनी, डोकं लढवलं.

“मोहन, गाडीत ठीव,” तात्या म्हणाले. “गाडी म्हंजी काय घर न्हाई, रान बी न्हाई. तिला दोष लागत न्हाई.”

“आन् गाडी भाड्याची हाय,” कुणीतरी शंका काढली.

“मग तर लईच बेस. भाड्याच्या गाडीला कुठलं गोत्र आलंय?”

डिकीच्या तळाला एक झाकण असतं, त्याखाली खड्ड्यात स्टेपनी, म्हणजे जादा चाक ठेवलेलं असतं. त्या चाकाच्या मधल्या खोलगट जागेत तात्यांनी गाडगं उभं केलं, कलंडू नये म्हणून भोवती वर्तमानपत्राचे बोळे लावले आणि झाकण घातलं. मला हे नंतर कळलं तेव्हा वाईट वाटायच्या आधी कौतुक वाटलं. इतकी सुरक्षित जागा आमच्या कंपनीलाही सुचली नसती.

आठव्या दिवशी मोहन दहाव्याचं सामान आणायला निघाला आणि शिवऱ्याजवळ हायवेवर त्याची गाडी गरम होऊन बंद पडली. अशा वेळी आम्ही दुसरी गाडी पाठवतो. आमचा माणूस गेला, पिशव्या या गाडीतून त्या गाडीत टाकल्या, मोहन नवी गाडी घेऊन गेला. आठ दिवस धड झोप नसलेल्या माणसाच्या डोक्यात तेव्हा काय असणार? जुनी गाडी आम्ही ओढून आणली, तिचा फुटलेला पाइप बदलला आणि रात्री ती कुंपणालगतच्या आमच्या जागेत उभी केली. सकाळच्या विमानाने आलेल्या काटकर नावाच्या कुटुंबाला तीच गाडी दिली.

ती गाडी जाते न जाते तोच मोहनचा फोन आला. “ताई, गाडी... ती गाडी कुठाय? आमचे आबा तिच्यात राहिले हो!”

मग त्याने तुटक तुटक गाडग्याचं सगळं सांगितलं. उद्या सकाळी दहावा. नदीवर सगळे भाऊबंद जमणार, आणि ज्याच्यासाठी जमायचं तोच नाही. मोहनची आई आजारी, तिला अजून काही सांगितलेलं नव्हतं. “आईला कळलं तर ती अंथरुणावरनं उठायची न्हाई,” मोहन म्हणाला.

काटकरांना फोन करून ‘डिकीत बघा’ म्हणणं सोपं होतं. मॅनेजरांनी तेच सुचवलं. पण मी सकाळीच काटकरांना ‘लांब निघालात?’ विचारून बसले होते. मूळचे साताऱ्याकडचे, आता हैदराबादला स्थायिक; बायको आणि मुलगा बरोबर; निघाले होते भोंगवलीला, मुलगी बघायला. शुभकार्याला चाललेल्या माणसाला फोन करून सांगायचं की तुमच्या गाडीत परक्याच्या अस्थी आहेत? गाडीला कुणी नावं ठेवणार नाही, कंपनीलाही नाही. बोल लागणार तो त्या मुलीला. पहिल्याच दिवशी काय घेऊन आली बघा, म्हणतील. मग ते स्थळ मोडणार आणि गोष्ट चार गावांत होणार. तो ट्रॅकर नकाशावर भोंगवलीच्या दिशेने सुखाने सरकत होता, त्याला यातलं काही माहीत नव्हतं.

“मी स्वतः जाते,” मी मॅनेजरांना म्हटलं. “आपली मोठी गाडी घेऊन. त्यांना सांगते, तुमच्या गाडीचं काम निघालंय, ही घ्या.” मोठी गाडी कोण नाकारतो, असा माझा अंदाज. तो सपशेल चुकला.

सारोळ्याशी हायवे सोडून भोंगवलीला पोचले तेव्हा पोहे होऊन गेले होते. अंगणात खुर्च्या, चारपाच माणसं, आणि ती गाडी चिंचेखाली. डिकी उघडी आणि मुलीचे वडील तिच्यात तांदळाचं पोतं ठेवत होते! आमच्याकडे पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. पोतं अगदी झाकणाच्या वर.

मी काटकरांना मोठी गाडी दाखवली. त्यांनी ती डोळे भरून पाहिली आणि मान हलवली. “नको बाई. या गाडीचा पायगुण चांगला आहे. सकाळपासून कुठे अडथळा नाही, मुलगीही पसंत पडल्यासारखीच आहे. काम होऊन घरी जाईपर्यंत ही गाडी मी बदलणार नाही.”

आता या माणसाला काय सांगणार? त्या पायगुणाचं गाडगं त्यांच्याच डिकीत होतं.

“बरं मग, निदान स्टेपनीची हवा तरी बघू द्या,” मी म्हटलं. “कंपनीचा नियम आहे.” असा काही नियम नाही. त्यांनी किल्ली ठेवून घेतली, मला डिकीकडे हात केला आणि ते पुन्हा खुर्चीत बसले.

मी पोतं ओढायला लागले, ते हलेना. तेवढ्यात घरातून एक मुलगी भाजीची टोपली घेऊन आली. अंगावर कोरी साडी, निऱ्या अवघडल्यासारख्या एका हातात धरलेल्या. तिने टोपली खाली ठेवली, पदर खोचला आणि पोतं एका झटक्यात बाजूला केलं.

“तूच ना गं, आज...?” मी विचारलं.

“व्हय, मीच शीतल. आज मला कामाला हात लावू देत न्हाईत. बसून बसून कट्टाळा आला.”

तिला घालवायला मला काही सुचेना. मी झाकण अर्धवट उचललं आणि तिने मदत म्हणून ते पुरतं वर धरलं. चाकाच्या मधोमध, वर्तमानपत्राच्या बोळ्यांत, पांढरं फडकं बांधलेलं गाडगं उभं होतं. खेड्यातल्या मुलीला ते काय आहे हे सांगावं लागत नाही. तिचा चेहरा उतरला.

“कुणाचं?” तिने अगदी हळू विचारलं.

“वेल्ह्याकडच्या एका आजोबांचं. उद्या दहावा आहे. चुकून राहिलंय गं. पण तुझ्या या लोकांना कळलं तर...”

तिने अंगणाकडे एकदा पाहिलं. तिथून काटकरांचा आवाज आला, “काय बिघाड आहे का हो?”

“काय न्हाई!” शीतल मोठ्यांदा म्हणाली. “ताईंना भाजी देतीय!”

आणि तिने भराभरा टोपलीतली वांगी-घेवडा पोत्यावर ओतला, मेथीच्या जुड्या तेवढ्या ठेवल्या. मी गाडग्याला हात घालणार तोच ती म्हणाली, “थांबा,” आणि डोक्यावर पदर घेतला. मग दोन्ही हातांनी गाडगं उचलून तिने ते टोपलीत ठेवलं आणि वर मेथी पसरली. सासर होऊ घातलेल्या माणसांच्या देखत, नव्या साडीत, ती परक्या म्हाताऱ्याच्या अस्थी घेऊन अंगण ओलांडून माझ्या गाडीपर्यंत गेली. तिची चाल एवढी साधी होती की खरोखरच भाजी वाटावी.

मधेच काटकर हसून तिच्या वडिलांना म्हणाले, “अहो, गाडीवाल्यांना कसली भाजी देताय? एकदा दिली की सवय लागते त्यांना.”

मला राग आला, पण तो गिळावा लागला. शीतलने टोपली पुढच्या सीटवर ठेवली.

“टोपली परत आणू नका,” ती म्हणाली. “ती आता घरात चालायची न्हाई. नदीला सोडा. आन् उद्या कार्य नीट झालं का तेवढं मला फोन करून सांगा.” तिने नंबर सांगितला, मी मोबाईलमध्ये घातला. तिचा हात मी क्षणभर धरला, तो गार पडला होता.

शिवऱ्याच्या हॉटेलासमोर मोहन वाट बघत उभा होता. त्याने मेथी बाजूला केली आणि गाडगं छातीशी धरून भर रस्त्यात लहान मुलासारखा रडला. मी टपरीकडे तोंड करून उभी राहिले, मग त्याला भोंगवलीचं सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून वेल्ह्याला गेले. मला जायचं काही कारण नव्हतं. खरं सांगायचं तर मला राहवलं नाही. नदीकाठी माणसं जमली होती, बायका एका बाजूला, त्यात मोहनची आई. सगळं रीतीप्रमाणे झालं. अस्थी नदीत गेल्या, टोपलीही गेली. मग पिंड ठेवला आणि सगळे मागे सरून कावळ्याची वाट बघायला लागले. कावळा शिवला नाही तर गेलेल्याची काही इच्छा राहिली असं आपल्याकडे मानतात. पलीकडच्या झाडावर कावळे भरपूर, पण एक खाली येईल तर शपथ.

मोहनने हात जोडून सांगितलं, “आईला संभाळीन.” कावळा आला नाही. बहिणीने म्हशीचं सांगितलं, जावयाने शेताचं सांगितलं. कावळे आपले मान वाकडी करून बघताहेत. मोहनचा चेहरा हळूहळू काळवंडत गेला. तो माझ्याजवळ येऊन पुटपुटला, “मला ठाऊक हाय काय राहिलंय ते. इमान राहिलं, ताई. म्याच न्हेलं न्हाई.”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. “मोहन,” मी म्हटलं, “ती गाडी परवा रात्री आमच्याकडे कुंपणालगत उभी होती. पलीकडे विमानं होती. विमानं कुठे हलत होती? सकाळपर्यंत बसलेलीच होती की.”

तात्यांनी मागून सगळं ऐकलं होतं. ते तरातरा पुढे गेले आणि पिंडाकडे बघून मोठ्यांदा म्हणाले, “दादा! आरं, इमानतळावर रातभर मुक्काम करून आलायस न्हवं? बसल्यालं इमान बगितलंस, मोटारीनं भोंगवली बगितलीस, पोरीच्या टोपलीतनं फिरलास! आता आनिक काय ऱ्हायलं तुजं? आमाला काय उनात वाळवतोस?”

आधी बायकांत कुणीतरी फिसकन हसलं. मग मोहनची आई डोळ्यांना पदर लावून हसली. ती हसताना पाहून सगळा घाट हसायला लागला, आणि त्या हसण्यातच कावळा केव्हा खाली उतरला ते कुणाला कळलंही नाही.

परत येताना गाडी बाजूला घेऊन मी शीतलला फोन केला. तिने पहिल्यांदा तेच विचारलं, “शिवला का?” मी तिला तात्यांसकट सगळं सांगितलं. ती पोटभर हसली.

“आणि तुझं गं?” मी विचारलं. हे विचारू नये हे मला कळत होतं, पण स्वभावाला औषध नाही.

“त्यांचा काल सांजच्यालाच होकार आला.”

“अगं, मग छान झालं!”

“म्या न्हाई म्हणले,” शीतल म्हणाली. “अण्णा रागावलेत, कालपासनं बोलत न्हाईत. बोलतील.”

“पण का? त्यांना काही कळलं का?”

“त्यांना काय कळायचंय? टोपलीत काय हाय ते आपल्या दोघींनाच ठाऊक हुतं. त्यांच्यापुरती ती मेथीच हुती, ताई. मेथीच्या चार जुड्या. आन् त्या बी त्यांना जड झाल्या.”